वरणाचा काय गुन्हा?

गोरेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक लगेच विचारतात, "ईस्ट की वेस्ट?" आमचं गोरेगाव सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. तिथे लोकल थांबत नाही, एस्टी थांबते. आजूबाजूला खरिपात सोयाबीन आणि तूर, मधूनमधून हळद. तुरीच्या शेंगा भरल्या की घरोघरी सोल्यांची आमटी. मी वर्षभर त्या आमटीच्या आठवणीवर काढते आणि डिसेंबरात रजा टाकून काकांकडे जाऊन धडकते.

गेल्या डिसेंबरातही गेले. पानं वाढली. माझ्या ताटात सोल्यांची आमटी, काकूच्या ताटात सोल्यांची आमटी, आणि काकांच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि दुधीभोपळा. मला वाटलं पोट बिघडलं असेल.

"काय सांगू माय," काका म्हणाले, "तूर घरच्या वावरात अन् ताटात भोपळा. डाळ बंद केली ना आपली. यूरिक ॲसिड निघालं."

मग काकूनं फ्रिजवर चिकटवलेला कागद दाखवला. "यूरिक ॲसिड वाढल्यास काय खाऊ नये." छापील. कुणीतरी कुणालातरी दिला, त्याची झेरॉक्स निघाली, तिची झेरॉक्स काकांकडे आली. यादी अशी: तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, सोयाबीन, वाटाणा, पालक, फुलकोबी, टोमॅटो, दही, लिंबू, चिंच. थोडक्यात, मराठवाड्यातला माणूस जे जे खातो ते सगळं. आठ महिने झाले होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस आठ महिने भाकरी आणि फळभाजीवर. दंड इतके उतरले होते की सदऱ्याच्या बाह्या लोंबत होत्या.

मी डॉक्टर नाही. पण गेली बरीच वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि प्युरिनचं विघटन हा धडा दर वर्षी फळ्यावर काढते. तो धडा आणि हा कागद यांचा काडीचा संबंध मला लागेना. म्हणून आजचं हे लिखाण म्हणजे सरळसरळ भांडण आहे. डाळीच्या बाजूनं. नातेवाईक मंडळींनी जरा नेटानं वाचावं, कारण हा कागद तुमच्यापैकी निदान तिघांच्या फ्रिजवर आहे हे मला माहीत आहे.

आधी आरोपी कोण ते पाहू. प्युरिन म्हणजे काही विष नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनए-आरएनएमध्ये चार-चार अक्षरं असतात, त्यातली दोन, ॲडेनिन आणि ग्वानिन, ही प्युरिनं. शरीर ज्या नाण्यात शक्तीचा व्यवहार करतं त्या एटीपीतही ॲडेनिन असतं. म्हणजे प्युरिन नको म्हणणं हे जगणं नको म्हणण्यासारखं आहे. पेशी जुन्या होतात, मोडतात, आणि हे सामान सुटं होतं. ॲडेनिनवाल्या रेणूंचं एकेक करत हायपोझँथिन होतं, हायपोझँथिनचं झँथिन, आणि झँथिनचं यूरिक ॲसिड. ग्वानिनचंही झँथिनच होतं, वाट फक्त थोडी जवळची. शेवटच्या दोन पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज नावाचं एकच विकर उरकतं. बरंचसं सुटं प्युरिन शरीर फेकतही नाही, पुन्हा वापरतं. भंगारातून कामाचे नटबोल्ट वेचून ठेवावेत तसं.

आता महत्त्वाचं. आपल्या अंगात रोज जे यूरिक ॲसिड तयार होतं त्यातलं साधारण दोन-तृतीयांश हे आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं. ताटातून येतं ते जेमतेम एक-तृतीयांश. त्या एक-तृतीयांशात मांस, मासे, भाज्या, डाळी सगळं आलं. म्हणूनच पथ्य अगदी कडक पाळलं तरी रक्तातला आकडा एखाद्या अंकानं खाली येतो, फार नाही. काकांचा आकडा होता ७.२. आठ महिन्यांच्या उपासानंतर ६.९. एवढ्यासाठी आठ महिने वरण सोडलं!

बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं, उरलेलं आतड्यांचं. मूत्रपिंडं जे यूरिक ॲसिड गाळतात त्यातलं जवळजवळ नव्वद टक्के पुन्हा रक्तात ओढून घेतात. म्हणजे बहुतेक लोकांत आकडा चढतो तो खाणं जास्त म्हणून नव्हे, बाहेर जाणं कमी म्हणून. हौद भरून वाहायला लागला तर नळाला शिव्या देण्याआधी मोरी तुंबली आहे का ते बघावं, एवढी अक्कल आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला असते. कागद लिहिणाऱ्याला नव्हती.

बैलाला गाऊट का होत नाही? कारण त्याच्याकडे यूरिकेज नावाचं आणखी एक विकर आहे. ते यूरिक ॲसिडचं ॲलंटॉइन करतं. ॲलंटॉइन पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीतून निघून जातं. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, उंदीर, बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ही सोय आहे. मासे आणि बेडूक तर त्याच्याही पुढे जाऊन ॲलंटॉइनचा युरिया करतात. आपल्या आणि एपवानरांच्या पूर्वजांत मात्र दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास यूरिकेजचं जनुक बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. त्या बिघाडाचा आपल्याला काही फायदा झाला का यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. घालू देत. आपल्यापुरतं इतकंच की यूरिक ॲसिड हा आपल्यासाठी शेवटचा थांबा आहे, पुढे गाडी नाही. आणि रक्तात ते सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की स्फटिक बनायची शक्यता सुरू होते. शक्यता. खात्री नव्हे. आकडा वर असलेल्या बहुसंख्य लोकांना जन्मात कधी गाऊट होत नाही, आणि नुसता आकडा वर आहे, त्रास काही नाही, अशांना सहसा औषध देऊ नये असंच आज जाणकार सांगतात.

पक्ष्यांचं उलटं. ते नको असलेला नायट्रोजनच यूरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. कोंबडीच्या शिटीतला पांढरा भाग, भिंतीवरच्या पालीच्या लेंडीचं पांढरं टोक, ते हेच. पाणी वाचवायची युक्ती आहे ती. अंड्यातल्या पिलाला लघवीला जागा कुठे?

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. काकांच्याच वावरात सोयाबीन आणि तुरीच्या मुळांवर गाठी असतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. पण तो पानांपर्यंत न्यायचा कसा? सोयाबीन, तूर, चवळी ही पिकं त्या नायट्रोजनपासून आधी प्युरिन बनवतात, मग ते मोडून यूरिक ॲसिड करतात, मग गाठीतल्या यूरिकेजनं त्याचं ॲलंटॉइन करतात आणि ते खोडातून वर पाठवतात. (हरभरा असं करत नाही, तो अ‍ॅस्परॅजिन पाठवतो.) म्हणजे पावसाळ्यात आमच्या शिवारातून चालताना पायाखाली अक्षरशः लाखो गाठींत यूरिक ॲसिड तयार होत असतं आणि मोडलंही जात असतं. जे विकर आपल्या पूर्वजांनी हरवलं ते तुरीनं जपून ठेवलंय. यावरून तुरीच्या दाण्यात प्युरिन नाही असं ठरत नाही, तसा दावा मी करत नाही. पण ज्या पिकाला आपण यूरिक ॲसिडचा गुन्हेगार ठरवून ताटातून हाकललं, त्याला हा विषय आपल्यापेक्षा जास्त कळतो, एवढं मात्र खरं.

"बरं बाई, पण डाळीत प्युरिन असतं की नाही?" असतं. कबूल. पण दोन गोष्टी बघा. पहिली, त्या याद्यांतला आकडा बहुतेकदा शंभर ग्रॅम सुक्या डाळीचा असतो. वाटीभर वरणात सुकी डाळ पडते वीस-पंचवीस ग्रॅम. शंभर ग्रॅम सुकी तूर एका बसणीला खाणारा माणूस मी तरी पाहिला नाही, पंगतीतसुद्धा. दुसरी गोष्ट, कोण काय खातं आणि कुणाला गाऊट होतो हे माणसांवरच तपासून झालंय. २००४ साली अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त. दूध-दही जास्त घेणाऱ्यांत कमी. आणि डाळी, शेंगा, पालक, फुलकोबी हे प्युरिनवाले शाकाहारी पदार्थ? त्यांचा गाऊटशी संबंध सापडला नाही. ते गोरे लोक, त्यांचं खाणं वेगळं, असं कुणी म्हणेल. म्हणा. सिंगापूरमधल्या चिनी स्त्री-पुरुषांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तिथे सोयाबीन आणि इतर डाळी-कडधान्यं जास्त खाणाऱ्यांत गाऊट उलट थोडा कमीच दिसला. असल्या अभ्यासांतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे मी मुलांना शिकवते तसं इथेही सांगते. पण डाळ बंद करायला आधार असल्या अभ्यासांचाच लागेल ना? आणि ते तर डाळीच्या बाजूनं साक्ष देतात.

मग दही, टोमॅटो, लिंबू, चिंच यादीत कसे घुसले? माझा अंदाज सांगते. "ॲसिड" या शब्दामुळे. ॲसिड म्हणजे आंबट, म्हणून आंबट बंद! यूरिक ॲसिडचा लिंबाशी तितकाच संबंध जितका आमच्या गोरेगावाचा चर्चगेटशी. दही तर फायद्याच्या बाजूला बसतं. निव्वळ शब्दावरून माणसाचं जेवण ठरवायचं, हे आपणच करू जाणे.

आता यादीत काय नाही ते बघा. दारू नाही. बिअर म्हणजे दुहेरी मार, तिच्यात प्युरिनही असतं आणि दारूनं यूरिक ॲसिडचं बाहेर जाणंही अडतं. बाटलीतली गोड थंड पेयं नाहीत. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोज आलं की ते एटीपी भराभर खर्च करतं, आणि त्या मोडलेल्या एटीपीचं पुढे यूरिक ॲसिडच होतं. म्हणजे थंड पेयात प्युरिन शून्य आणि तरी यूरिक ॲसिड तयार! सत्यनारायणाच्या पूजेपासून साखरपुड्यापर्यंत पाहुण्याच्या हातात आपण तीच बाटली देतो, आणि वरणाची वाटी मात्र लपवतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी गोळीही आकडा चढवू शकते, तिचाही कागदावर उल्लेख नाही.

आणि वेदनाशामक गोळी नाही. इथे मला खरा राग आहे.

मी काकांना विचारलं, "दुखतं काय नेमकं?" म्हणाले, गुडघे. दोन्ही. उठताना, पायऱ्या चढताना. अंगठा कधी सुजला? नाही. रात्री अचानक लालबुंद होऊन, पांघरूण लागलं तरी ओरडावं असं दुखलं? "नाही माय, तसं कधीच नाही." गाऊटचा झटका बहुधा तसाच येतो, तोही बरेचदा पायाच्या अंगठ्यात. काकांचं दुखणं तसं अजिबात नव्हतं. पन्नास वर्षं वावरात राबलेले, झिजलेले गुडघे होते ते. गाऊटचं पक्कं निदान सांध्यातल्या पाण्यात सुईसारखे स्फटिक दिसण्यावर होतं, हे १९६१ पासून माहीत आहे. काकांचा सांधा कुणी तपासला नव्हता. रक्ताच्या चाचण्यांचं एक "पॅकेज" झालं, त्यात एका आकड्यापुढे बाण आला, आणि बाणाचं बोट डाळीकडे गेलं.

"मग गुडघ्यासाठी काय घेता?" काकांनी सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली. डायक्लोफेनॅक. पाच-सहा वर्षं, जवळजवळ रोज, चिठ्ठीशिवाय दुकानातून आणून. विडीच्या बंडलासारखी खिशात.

हे नाव वाचून काही जणांना गिधाडं आठवली असतील. मी लहान असताना गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळात गिधाडं घिरट्या घालायची, आणि आम्ही पोरं लांबून मोजायचो. माझ्या भाच्यानं गिधाड फक्त पुस्तकात पाहिलंय. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानातल्या अभ्यासातून. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं, त्याची मूत्रपिंडं बंद पडायची, आणि ज्या यूरिक ॲसिडवर पक्ष्याचा सगळा कारभार चालतो ते बाहेर न पडता काळजावर, यकृतावर खडूच्या पुटासारखं साचायचं. दोन-तीन दिवसांत खेळ खलास. शंभरातल्या एखाद्या ढोरातही हे औषध असलं तरी गिधाडांचा नायनाट व्हायला पुरे होतं. २००६ साली भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरचीच असावी असं ठरलं. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर जनावरांसाठी बंदी यायला २०२३ उजाडलं.

माणूस गिधाड नाही. आपल्याला ते औषध चार दिवस, गरजेपुरतं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालतं. पण म्हातारपण, रक्तदाब आणि वर्षानुवर्षं रोजची गोळी, या त्रिकुटाचा घाव मूत्रपिंडांवरच बसतो. मी काकांना हिंगोलीला नेलं. क्रिएटिनिन निघालं १.९. चाचणीच्या पॅकेजमध्ये तो आकडाही होता म्हणे, पण तेव्हाचा कागद डाळीच्या यादीमागे हरवला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की मूत्रपिंडं बरीच मंदावली आहेत, वयाचा वाटा किती, रक्तदाबाचा किती आणि गोळ्यांचा किती हे आता वेगळं काढता येणार नाही, पण गोळी आजपासून बंद.

म्हणजे क्रम बघा. गोळ्यांनी मूत्रपिंडांना घाव घालायला मदत केली. मूत्रपिंडं मंदावली म्हणून यूरिक ॲसिड तुंबलं. आणि शिक्षा झाली वरणाला. गुन्हेगार त्या आठ महिन्यांत रोज खिशात बसून होता.

कुणी म्हणेल, "अहो, पण आमच्या ह्यांना डाळ खाल्ली की खरंच दुखतं." असेल. एकेकाची तब्येत. वहीत महिनाभर लिहून ठेवा, काय खाल्लं, काय प्यायलं, कधी दुखलं. डाळ सुटेल किंवा अडकेल, पण पुराव्यानं. आणि गाऊट खरा असेल तर उपासमार हा उपाय नव्हे. ॲलोप्युरिनॉल हे जुनं, स्वस्त औषध आहे. ते झँथिन ऑक्सिडेजलाच अडवतं. १९६६ पासून वापरात आहे, आणि ज्यांच्या कामातून ते आलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेपासून सुरू करून, अंगावर पुरळ आलं तर ताबडतोब थांबवून घ्यायचं. हळद आमच्या जिल्ह्याचं सोनं आहे, पण कोमट पाण्यातून हळद घेऊन सांध्यातले स्फटिक विरघळत नाहीत, हे मी हिंगोलीची असूनही सांगते.

माझं भांडण पथ्याशी नाही. भांडण आहे ते गरिबाच्या ताटातली एकमेव प्रथिनांची वाटी इतक्या सहज उचलण्याशी. शहरात डाळ काढली तर पनीर येतं, अंडं येतं, डब्यातली पावडर येते. गावात डाळ काढली तर तिच्या जागी काहीच येत नाही. भाकरीला डाळीची जोड मिळाली तर जेवण पुरं होतं, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राशिवाय कळलं होतं. आणि झेरॉक्सच्या एका कागदानं ते आठ महिन्यांत मोडलं.

काका आता कसे आहेत? गोळी सुटली. गुडघ्याला शेक, काठी आणि कुणीतरी शिकवलेले मांडीचे व्यायाम चालू आहेत. क्रिएटिनिन तिथेच थबकलंय, खाली आलं नाही, वरही गेलं नाही. आणि आता डाळ खरोखरच मोजून खायची आहे, कारण मूत्रपिंडं मंदावली की प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावं लागतं. रोज एक वाटी ठरली आहे. सुरुवातीला त्या वाटीकडे बघून मला फार वाईट वाटलं. जे बंधन खोट्या कारणासाठी आठ महिने पाळलं, ते आता खऱ्या कारणासाठी जन्मभर थोडंफार पाळायचं. पण काका म्हणाले, "एक तर एक. वास तरी येतो ना ताटातून."

आपापल्या घरी एवढंच करा. फ्रिजवरचा कागद वाचण्याआधी वडिलधाऱ्यांचे खिसे तपासा. पट्टी सापडली तर क्रिएटिनिन बघून घ्या, आणि वरणाची वाटी डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय उचलू नका.

फ्रिजवरचा आमचा कागद मी फाडणार होते. काकूनं फाडू दिला नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर ती आता दुधाचा हिशोब लिहिते.